पाठीमागचा रस्ता

लग्नानंतर दहाव्या दिवशी सारिकानं सासरच्या स्वयंपाकघरातली पिठाची कोठी ओट्याच्या डावीकडून उजवीकडे नेली. सासू प्रमिलाबाई दोन दिवस डावीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात चाचपत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात आपोआप उजवीकडे गेला आणि त्या म्हणाल्या, "बरं शे इकडे." या तीन शब्दांवर सारिकानं पुढची एकोणीस वर्षं काढली.

जळगावात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची असं त्यांचं घर. त्या घरातली एकही वस्तू सलग वर्षभर एका जागी टिकली नाही. पलंग खिडकीखाली, मग भिंतीशी, मग पुन्हा खिडकीखाली. फ्रीज बाहेरच्या खोलीत आला, परत गेला. नवरा प्रेमराज वरणगावच्या फॅक्टरीत होता. पहाटे जिथं मोकळी जागा सोडून तो निघायचा, तिथंच संध्याकाळी त्याच्या पायाच्या करंगळीला काहीतरी लागायचं. "या घरात येताना नकाशा आणावा लागतो," तो करंगळी धरून म्हणायचा. शेजारणी म्हणायच्या, सारिकाच्या हाताला खाज आहे. सारिका हसायची. खोलीत शिरलं की तिला भिंती दिसायच्याच नाहीत, माणसं कुठून कुठं जातात तेवढंच दिसायचं. कुणाचं कोपर अडलं, कुणी अंग चोरून गेलं, की ते दातात अडकलेल्या सुपारीसारखं दिवसभर सलत राहायचं. आता हे कुणाला सांगणार?

मागच्या दिवाळीत मात्र तिनं जरा जास्तच हलवलं. बाहेरच्या खोलीतलं आरशाचं लोखंडी कपाट आतल्या खोलीत गेलं. त्याच्या जागी टीव्ही आला. मध्ये टांगलेल्या झोपाळ्याजवळ, बंगईजवळ, टीपॉय आला, म्हणजे प्रमिलाबाईंना चहाचा कप ठेवायला खाली वाकायला नको. खोली एकदम मोठी दिसायला लागली. पाडव्याच्या दुपारी दारातून कुणीतरी हाक मारली आणि प्रमिलाबाई बंगईवरून पडल्या. सगळे धावले तेव्हा त्या फरशीवर होत्या, शेजारी टीपॉय उलटा आणि उजवं मनगट विचित्र वळलेलं.

प्रेमराज ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दवाखान्यातून आल्यावर त्यानं टीपॉय माळ्यावर टाकला आणि हात झटकत म्हणाला, "आता पुरे. या घरातली टाचणीसुद्धा हलणार नाही."

आणि हलली नाही. सहा महिने घर जसंच्या तसं राहिलं. सारिका फ्रीजमधल्या बाटल्या हलवायची, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची अदलाबदल करायची, दुपारी उगाच गच्चीवर जाऊन खाली यायची. प्लास्टर निघालं, पण प्रमिलाबाईंचं मनगट पुरतं वळेना. भाकरी त्या डाव्या हातानं थापायला लागल्या. कडा फाटायच्या. "मी करते ना," सारिका म्हणायची. "तू कर तुनं," त्या म्हणायच्या. भाजताना फाटलेल्या कडेतून वाफ निघाली की सारिकाला आपल्या हातांकडे बघवायचं नाही.

होळीनंतर गल्लीत भाड्यानं राहणारी ऋतिका आली. फैजपूरच्या केळीवाल्यांची मुलगी. पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये तीन वर्षं काम करून परतलेली. तिची दहा बाय दहाची खोली सारिकानं एका दुपारी अशी लावून दिली होती, की तिथं आता गल्लीतल्या पाच मुली अभ्यासाला बसायच्या.

"ताई, मी गाळा घेतला. आइस्क्रीमचा. म्हणजे सॉफ्टी, कुल्फी, केळीचं, सीताफळाचं. आमच्याच मळ्यातली केळी. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर उघडायचं."

"बरं मग?"

"मग काय! गाळा जिन्याखाली आहे. रस्त्याला अकरा फूट, आत आठ. छत एका बाजूला असं उतरतं की उभं राहिलं तर डोकं फुटेल. दोन जण बघून गेले. दोघं म्हणतात, काउंटर टाका आणि लोकांना रस्त्यावर उभं करा. मला लोक आत हवेत. आत आल्यावर हसायला हवेत."

"मी काही शिकलेली नाही गं यातलं."

"माझ्या खोलीत मी मावत नव्हते. तुम्ही पाच जणी मावून दाखवल्या."

संध्याकाळी तिनं प्रेमराजला विचारलं. तो पायातले मोजे काढत होता. "बाहेर काय हलवायचं ते हलव," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, पण 'बाहेर' या शब्दावर जोर होता. सारिकानं मनाशी एकच ठरवलं. हे जमलं तर आपल्या हातांना काहीतरी येतं. नाही जमलं तर हे हात फक्त माणसं पाडतात.

कागदावर तिला काही सुचेना. मग ती रांगोळीचा डबा घेऊन गच्चीवर गेली आणि अकरा बाय आठचा चौकोन काढला. निम्म्या गच्चीवर प्रमिलाबाईंचे ज्वारीचे बिबडे वाळत होते. चौकोनाचा कोपरा त्यांच्यात घुसला.

"तुनं दुकान मना बिबडासवर उनं ना!" प्रमिलाबाई जिन्यातून ओरडल्या.

"तिथं काउंटर आहे आई. काउंटरवर खायचंच ठेवतात."

रविवारी सगळं घर चौकोनात उभं राहिलं. बादल्यांची रांग म्हणजे काउंटर, उलटी घमेली म्हणजे सॉफ्टीचं मशीन. बारावीतली भूमिका पातेलं घेऊन गिऱ्हाईक झाली. "अहो, तुम्ही डीप फ्रीझर," सारिकानं प्रेमराजला उतरत्या छताच्या टोकाला बसवलं. "इथं छत खाली येतं, आणि फ्रीझरही कमरेएवढाच असतो. बसून राहा. हलायचं नाही."

"चला," प्रेमराज उन्हात डोळे बारीक करत म्हणाला, "एक तरी वस्तू तू जागेवर ठेवलीस."

भूमिका खो-खो हसली. सारिकाही हसली, पण तिची नजर रांगोळीवर होती. फ्रीझरचं झाकण सरकवताना विकणाऱ्या बाईचं कोपर कुठं जाईल? मशीन मागून गरम वारा सोडतं, तो कुणाच्या पाठीवर येईल? तिनं नवऱ्याला तीनदा उठवलं, तीनदा बसवलं. पातेलं घेऊन भूमिका चाळीस वेळा आत आली आणि बाहेर गेली. कुणाचं कोपर कुणाला लागलं नाही, तेव्हा कुठं सारिकानं रेघा खडूनं पक्क्या केल्या.

गाळ्याचं काम करणारे झिपरू मिस्तरी साठीला आलेले, धुळ्याकडचे, तोंडानं फटकळ. उतरत्या छताखाली फळ्या ठोकून सपाट करू म्हणाले, तर सारिका म्हणाली, नको. पायऱ्या खालून जशा दिसतात तशाच ठेवायच्या. नऊ उलट्या पायऱ्या, नऊ रंग. केळीचा पिवळा, पिस्त्याचा हिरवा, जांभळाचा जांभळा. वर बघितलं की वाटावं, आपणच छतावरून चालत निघालोय.

"अन् हे उंदराचं दार कोणासाठी?" काउंटरच्या पोटात कापायच्या छोट्या खिडकीवर पेन्सिल आपटत त्यांनी विचारलं.

"अडीच फुटाच्या गिऱ्हाइकासाठी. कोन तिथून हातात येईल."

"ताई, मी चाळीस वर्षं दुकानं करतोय. हे दुकान शे का भातुकली?"

"तुमचा नातू आणा उघडायच्या दिवशी. तो सांगेल."

मिस्तरी पुटपुटत कापायला बसले. पण दुसऱ्या दिवशी त्या खिडकीला त्यांनी स्वतःहून छोटी लाकडी कडी लावून आणली.

एवढं सगळं तिनं गच्चीवर चालून बघितलं होतं. फक्त बसायची जागा नाही. ती ऋतिकाच्या मोबाइलमधल्या फोटोंतून आली. मोठी काच, काचेला लागून फळी, फळीपाशी उंच स्टुलं, रस्त्याकडे तोंड करून हसत खाणारी माणसं. ऋतिकाला ते फार आवडलं. सारिकालाही आवडलं. जागा कमी खाते, रस्त्यावरून भरलेलं दुकान दिसतं. पाच स्टुलं आली, कमरेएवढी उंच.

आखाजीला तीन दिवस उरले तेव्हा, दुपारी चारला, ऋतिकाच्या घरच्या बायका फैजपूरहून चव घ्यायला आल्या. आई, दोन काकू आणि सगळ्यांत पुढं आत्या, झुंबरबाई. सारिकानं प्रमिलाबाईंना आणलं. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, आत पंख्याचा आणि मशीनचा आवाज. बायका आत आल्या, वर बघितलं, "अगं माय वं!" म्हणाल्या, मनापासून हसल्या. एक काकू छोट्या खिडकीतून हात घालून कोन मागायला लागली. ऋतिकानं सारिकाचा हात दाबला.

कप हातात आले. आणि मग बायका एकेक करून बाहेर गेल्या. उन्हात. लावलेल्या स्कूटरींच्या मधे, शेजारच्या बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि भराभर चमचे तोंडात घालायला लागल्या. आत पाच स्टुलं, पाचही रिकामी.

"आई, आत बस ना!" ऋतिका दारातून म्हणाली.

"बसतो ना माय, बसतो," आई म्हणाली आणि शटरच्या आणखी जवळ सरकली.

"आत्या, अगं पंखा आत आहे!"

"पंख्याचं काय घेऊन बसली?" झुंबरबाईंनी चमचा हवेत धरला. "रस्त्याकडे तोंड करून खाऊ का मी? फैजपूरच्या निम्म्या गाड्या इथूनच जातात. गावात सांगतीन, झुंबरबाई काचेत बसून चाटू राहिली होती. अन् तो स्टूल! लुगडं सावरू का कप सावरू?"

दुसरी काकू हसत हसत कपात खोकली.

ऋतिका आत आली आणि फ्रीझरच्या टोकाला, छत उतरतं तिथं, वाकून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. सारिका एका स्टुलापासून दुसऱ्या स्टुलापर्यंत गेली, परत आली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गच्चीवर आपण सगळं मांडलं, पण गच्चीवर रस्ता नव्हता. कोपरं मोजली, नजरा मोजल्याच नाहीत. आणि आपण स्वतः? एकोणीस वर्षांत या गावात रस्त्याकडे तोंड करून कधी काही खाल्लं? पाणीपुरीच्या गाडीवरसुद्धा आपण भिंतीकडे वळतो.

खाणाऱ्यांपैकी प्रमिलाबाई एकट्याच आत राहिल्या होत्या. कोपऱ्यात केळीचं एक प्लास्टिकचं क्रेट पालथं पडलं होतं. ते त्यांनी पायानं काचेपर्यंत ढकललं, त्यावर बसल्या, पाठ काचेकडे, तोंड आत. डाव्या हातानं दोन चमचे खाल्ले. मग मान वळवून मागं बघितलं. पुन्हा एक चमचा. पुन्हा मागं बघितलं.

"काय झालं आई? कुणी आहे का?"

"कोन शे तेच समजत नही. मांगे डोया नही ना माले." त्यांनी चमचा चाटला. "घरमा कपाटना आरसा व्हता. बंगईवर बठं की दार दिखे. कोन उनं, कोन गयं, बठ्ठं समजे. तू कपाट आत लई गई."

सारिकानं दाराकडे बघितलं, मग सासूच्या पाठीमागच्या काचेकडे.

"त्या दिनले कोनी हाक मारी. मी देखाले वळनू, अन् पडनू."

"पण टीपॉयला अडखळून..."

"टीपॉय मना अंगवर पडनं. मी त्याना अंगवर नही." प्रमिलाबाई कपात बघत म्हणाल्या. "उगीच बिचाराले माळावर टाकं."

"मग सांगितलं का नाही? सहा महिने झाले!"

"कोनी इचारं?" त्या म्हणाल्या. "अन् प्रेमराज बोलना, काही हालाडानं नही. मंग कपाट बी नही."

बाहेर बायका कशावरून तरी मोठ्यानं हसल्या. मशीनच्या आवाजात हे बोलणं कुणालाच, आत उभ्या ऋतिकालासुद्धा, ऐकू गेलं नव्हतं. सारिकानं सासूकडे पाहिलं. पाठ दाराकडे करून बसायची ही सवय त्यांना कुणी लावली, हा प्रश्न तिला एकोणीस वर्षांत पडला नव्हता. नव्या सुनेनं दारात तोंड काढून बसायचं नाही. मग ती सून सत्तरीची होते, सासरा जातो, नवरा जातो, दार तिचंच होतं, तरी पाठ तिकडेच राहते. म्हणून तो आरसा. आणि तो आपण खोली मोठी दिसावी म्हणून उचलला. टीपॉयचा दोष गेला, कपाटाचा आला. हात तेच.

तिच्या बोटांना मुंग्या आल्या. ती वळली, समोरची भिंत बघितली. काचेच्या बरोबर समोर आठ फुटांवर, केळीच्या पिवळ्या रंगाची, कोरी.

"आई, उठू नका. आहात तशाच बसा. सरळ समोर बघा."

"काबर?"

"डोळे हलवू नका फक्त."

तिनं मिस्तरींच्या डब्यातला खडू घेतला, भिंतीपाशी गेली. "इथं?"

"जरा खाले. अजून. हां. आते मना डोयासमोर."

तिनं खूण केली. मग बाहेर जाऊन झुंबरबाईंना हात धरून आणलं, क्रेटवर बसवलं, त्यांचीही खूण केली. चारी बायका एकामागून एक त्या क्रेटवर बसल्या आणि भिंतीवर पाच रेघा उठल्या, सगळ्या हातभर उंचीच्या पट्ट्यात.

"दादा," ती बाहेर पाटी ठोकून आत आलेल्या झिपरू मिस्तरींना म्हणाली, "फळी काढायची. स्टुलांचे पाय कापायचे, बाकाखाली लागतील."

"सकाळी बसवली मी ती फळी!"

"काचेला पाठ टेकेल असं बाक हवं, सोळा इंच उंच. मांडी घालता येईल एवढं रुंद. आणि समोर आरशाची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"म्हणजे रस्त्यावरून काय दिसेल? पाठी?"

"पाठी दिसू द्या. पाठ कुणाची आहे ते सासरच्यांना ओळखू येत नाही."

झुंबरबाई क्रेटवरूनच टाळी देत म्हणाल्या, "हे बोलली बाई!"

पुढचे तीन दिवस सारिकाचा पाय ठरला नाही. आरसेवाल्याकडे दोन चकरा, पट्टी एकदा अर्ध्या इंचानं चुकून आली, परत गेली. घरी आली की आतल्या खोलीत जाताना कपाट समोर यायचं. आरशात तिला स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसायचं. प्रेमराजला सांगावं असं रोज वाटायचं. काय सांगणार? आईला मीच पाडलं, फक्त वेगळ्या तऱ्हेनं? तो जेवत असायचा, भाकरीची फाटलेली कड आधी खायचा, आणि ती पाणी आणायला उठायची.

आखाजीला सकाळी दुकान उघडलं. माहेरी आलेल्या लेकी घोळक्यानं आल्या. दुपारपर्यंत बाक रिकामं राहिलं नाही. एकीनं चपला काढून मांडीच घातली. लहान पोरं छोट्या खिडकीतून हात घालून आत काय आहे ते चाचपत होती, आणि झिपरू मिस्तरींचा नातू कडी उघडून लावून, पुन्हा उघडून, रांग अडवून बसला होता. मिस्तरी त्याला रागावत होते, पण आवाजात राग नव्हता.

सारिका काउंटरच्या कडेला उभी होती. बाकावर सहा जणी, डोळे आरशात. मागून रस्ता वाहत होता, रिक्षा, मोटरसायकली, छत्री धरलेला कुणी. एकदम मधली मुलगी कुजबुजली, "ए, ए, आमचे जेठ!" सहाच्या सहा कप मांडीवर गेले, एकही मान वळली नाही. आरशात एक माणूस मोटरसायकल सावकाश करून दुकानाची पाटी वाचून गेला. तो दिसेनासा झाला आणि सहाही चमचे एकदम वर आले. मग त्या इतक्या हसल्या, की एकीचं सीताफळ ओघळून बांगड्यांवर आलं.

ऋतिका तिकडून ओरडली, "ताई, बघितलं का?"

सारिकानं बघितलं होतं. तिला बाकाचं टोक दारापासून दोन बोटं जास्त आलेलंही दिसलं होतं. येणारी प्रत्येक बाई तिथं ओढणी सावरत होती. ती वाकून बघायला लागली, तशी ऋतिका जवळ आली. "तुम्ही घरी जा बघू. तुम्ही अशा उभ्या राहिलात की लोकांना वाटतं काहीतरी राहिलंय."

चार वाजता ती घरी आली. पूजेची घागर कोपऱ्यात होती, पुरणाचा वास अजून घरात होता. प्रमिलाबाई बंगईवर, तोंड टीव्हीकडे, पाठ दाराकडे. सारिका दारात चपला काढत असताना त्यांनी मान वळवली. दुखऱ्या हातानं बंगईची कडी धरून, कष्टानं. "कोन? तू का?"

सारिका पाणीसुद्धा प्यायली नाही. "भूमिका, ऊठ. कपाट रिकामं करायचंय."

"मम्मी! पप्पा..."

"साड्या पलंगावर टाक."

कपाटाच्या पायांखाली तिनं भिजवलेलं पोतं सारलं. एवढं जड कपाट एकटीनं हलवायची ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. ते कुरकुरत निघालं, उंबऱ्यापाशी अडलं, तिरकं झालं, बाहेर आलं. टीव्ही बाजूला गेला. बंगईवरून हुकूम सुटायला लागले.

"अजून. अजून. तुना हात सांभाय. थांब, जास्ती झायं. मांगे ले."

"आता?"

प्रमिलाबाईंनी पाय जमिनीवर टेकून बंगई थांबवली. आरशात दार होतं, दाराबाहेर पायरी, पायरीवर भूमिकाची एक उलटी पडलेली चप्पल.

"हां," त्या म्हणाल्या आणि पायानं फरशीला हलका रेटा दिला.

साड्यांचा ढीग पलंगावर तसाच होता. पोत्याचा ओला पट्टा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला होता. सारिका तो पुसायला वाकली, तेवढ्यात फाटक वाजलं. प्रेमराज पायरी चढून आत आला, सवयीनं करंगळी वाचवत एक पाऊल टाकलं, आणि समोर कपाट बघून जागीच थांबला. सारिका फडकं हातात घेऊन तशीच वाकलेली राहिली.

"हे कुणी..."

"बूट काढ आधी," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती आणि मान जरासुद्धा वळली नव्हती. "अन् मी हालाडं."